कृतज्ञतेचा सामना

इ. स. १९७३ मधील डिसेंबर महिन्याची १९ तारीख. ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो या शहरीं माराकाना नांवाचें जें विशाल क्रीडांगण आहे, तें त्या दिवशीं माणसांनीं नुसतें फुलून गेलें होतें. प्रेक्षकांची संख्या १,३१,००० च्याहि वर गेली. एवढा मोठा समुदाय लोटला खरा. परंतु त्या दिवशींच्या फुटबॉलच्या सामन्यांत कोणतेंहि अजिंक्यपद पणाला लागलेलें नव्हतें. जिंकणाऱ्याला ढाल मिळावयाची नव्हती आणि हरणाऱ्याचें कांहीं जावयाचें नव्हतें. एका बाजूस, तीन वर्षांपूर्वीं जग जिंकून आलेल्या ब्राझीलच्या संघांतील बहुतेक मोहरे होते; दुसऱ्या बाजूस, परदेशांतील निवडक खेळाडूंचा एक संघ होता. परंतु लोकांची दृष्टि लागली होती ती एकाच माणसावर. त्याचें वय चाळीस वर्षांचें होतें. गुडघे झिजले होते, अंग सुटलें होतें आणि खिसा रिकामा होता. त्याच्या नांवानें तिकिटें विकलीं जात होतीं, आणि त्या विक्रीचा पैसा त्यालाच द्यावयाचा होता. या सामन्याला तेथील लोकांनीं नांव दिलें होतें, ‘कृतज्ञतेचा सामना’.

तो माणूस म्हणजे गारिंचा. त्याचें खरें नांव मानुएल फ्रांसिस्को दोस सांतोस. पण तें फारच थोड्यांच्या ओठांवर असे. गारिंचा हें एका चिमुकल्या रानपाखराचें नांव. लहानपणीं घरच्यांनीं त्याला तें दिलें आणि तें जन्माचें चिकटलें. पुढें लोकांनीं त्याला आणखी एक पदवी बहाल केली, ‘लोकांचा आनंद’. ज्यानें कोट्यवधि लोकांना आनंद दिला, त्याच्या चरितार्थासाठीं त्याच लोकांपुढें झोळी पसरण्याची वेळ कां यावी, आणि त्या झोळींत पडलेल्या दानानें त्याचें खरोखर कितपत भलें झालें, हा प्रश्न एका गारिंचाचा नाहीं. तो सर्व काळांतील आणि सर्व देशांतील लोकरंजन करणारांचा आहे. मराठी नाटकमंडळ्यांतून थकलेल्या नटासाठीं ‘मदतीचा प्रयोग’ लावण्याची चाल होती. त्या प्रयोगाला तुडुंब गर्दी होई, आणि दुसऱ्या दिवशीं त्या नटाचें काय झालें हें पाहावयास सहसा कोणी जात नसे. त्या चालीचेंच हें एक दूरदेशीं घडलेलें, फार मोठ्या प्रमाणावरचें उदाहरण आहे.

अशा सामन्यांचा उगम शोधूं गेल्यास इंग्लंडांत जावें लागतें. तेथें धंदेवाईक क्रिकेटपटूला दीर्घ सेवेनंतर एक सामना बहाल करण्याची रीत पडली. त्या सामन्याचें उत्पन्न खर्च वजा जातां त्याच्या पदरीं घालीत. हें उत्पन्न वेतन समजावें कीं देणगी, असा प्रश्न पुढें कायद्यापुढें उभा राहिला. केंट परगण्याचा क्रिकेटपटू जेम्स सीमूर याच्यासाठीं १९२० सालीं कॅंटरबरी येथें असा सामना झाला आणि त्यांतून प्रवेशमूल्याचे ९३९ पौंडांहून अधिक जमले. प्राप्तिकर खात्यानें त्यावर कर मागितला. हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९२७ सालीं निकाल लागला कीं, ही रक्कम म्हणजे वेतन नव्हे. लोकांनीं प्रेमानें दिलेली ती वैयक्तिक भेट आहे, सबब तिजवर कर नाहीं. सीमूरचे पैसे वांचले, त्याच्यापुरता न्याय झाला. परंतु या निकालांत एक कटु सत्यहि दडलेलें होतें. जी भेट आहे ती हक्कानें मागतां येत नाहीं. खेळाडूच्या म्हातारपणाची तरतूद ही कोणाच्या कर्तव्यावर नव्हे, तर लोकांच्या लहरीवर अवलंबून आहे, हेंच जणुं त्या निकालानें नमूद करून ठेवलें.

फुटबॉलच्या धंद्यांत तर हें अवलंबन अधिकच होतें. इंग्लंडांत १९०१ सालापासून खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा घातलेली होती. प्रारंभीं ती आठवड्याला ४ पौंड होती, आणि १९६१ सालीं ती उठविली तेव्हां वाढत वाढत केवळ २० पौंडांपर्यंत पोहोंचली होती. साठ हजार माणसें ज्याचा खेळ पाहण्यासाठीं पैसे मोजीत, त्याच्या घरीं एखाद्या चांगल्या कारागिराइतकाच पैसा जाई. ब्राझिलांत बंधन निराळ्या प्रकारचें होतें. तेथें खेळाडूचा परवाना क्लबच्या मालकीचा असे. करार संपला तरी क्लबनें मोकळें केल्यावांचून खेळाडूला दुसरीकडे जातां येत नसे. खेळाडू हें जणुं क्लबच्या मालमत्तेंतील एक कलमच होतें. गारिंचाचें सारें आयुष्य या व्यवस्थेच्या चौकटींत गेलें.

रिओ प्रांतांतील पाऊ ग्रांदे या खेड्यांत २८ आक्टोबर १९३३ रोजीं त्याचा जन्म झाला. गांव कापडाच्या गिरणीभोंवतीं वसलेलें होतें. घरेंहि गिरणीचीं आणि रोजगारहि गिरणीचा. चौदाव्या वर्षीं पोरगा गिरणींत लागला. पण त्याचें लक्ष कामापेक्षां चेंडूकडे, नदीकडे आणि पांखरांकडेच अधिक. त्याचे पाय जन्मतःच वांकडे होते. एक आंत वळलेला, दुसरा बाहेर झुकलेला, आणि दोहोंच्या लांबींत फरक. असा मुलगा धड चालेल कीं नाहीं याची शंका यावी. परंतु जें व्यंग होतें तेंच त्याचें अस्त्र ठरलें. त्याचें अंग डावीकडे झुके आणि चेंडू मात्र उजवीकडून निघून जाई. समोरच्या बचावपटूला ही फसवणूक आधीं ठाऊक असे. प्रेक्षकांनाहि ठाऊक असे. तरीहि दर वेळीं तो फसे आणि दर वेळीं लोक हंसत.

१९५३ सालीं तो रिओच्या बोटाफोगो क्लबांत दाखल झाला. असें सांगतात कीं, परीक्षेच्या दिवशीं त्याच्यासमोर निल्टन सांतोस हा राष्ट्रीय संघाचा नामांकित बचावपटू उभा केला होता. त्या नवख्या पोरानें त्याला असें कांहीं गोंधळून सोडलें कीं, खेळ संपतांच सांतोसनेंच क्लबच्या चालकांना सांगितलें, याला सोडूं नका. याच्याविरुद्ध खेळण्यापेक्षां याच्या बाजूनें खेळणें बरें.

पांच वर्षांनीं स्वीडनमध्यें विश्वचषकाची स्पर्धा भरली. पहिल्या दोन सामन्यांत गारिंचाला बसवून ठेवलें होतें. तिसऱ्या सामन्यांत, सोव्हिएट रशियाविरुद्ध, तो आणि सतरा वर्षांचा पेले या दोघांना एकदमच मैदानांत उतरविण्यांत आलें. पहिल्या मिनिटांतच गारिंचाचा तडाखा गोलच्या खांबावर आदळला. रशियन संघ त्या दिवशीं सांवरलाच नाहीं. २९ जून १९५८ रोजीं स्टॉकहोम येथील अंतिम सामन्यांत ब्राझीलनें स्वीडनचा पांच विरुद्ध दोन गोलांनीं पराभव केला. वावानें केलेले पहिले दोन गोल गारिंचानें उजव्या बाजूनें मुसंडी मारून आंत दिलेल्या चेंडूंवर झाले होते. ब्राझीलनें जिंकलेला हा पहिलाच विश्वचषक.

१९६२ सालीं चिली देशांतील स्पर्धेंत पेले दुसऱ्याच सामन्यांत जायबंदी झाला. साऱ्या राष्ट्राचा भार एका वांकड्या पायांच्या माणसावर येऊन पडला. त्यानें इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले आणि चिलीविरुद्ध आणखी दोन. चिलीविरुद्धच्या सामन्यांत त्याला पंचांनीं मैदानाबाहेर काढलें. तरी अंतिम सामन्यांत खेळण्याची परवानगी मिळाली. अंगांत ताप असतां तो खेळला आणि ब्राझीलनें झेकोस्लोव्हाकियाला तीन विरुद्ध एक असें हरविलें. त्याच्या कीर्तीचा सूर्य त्या दिवशीं माथ्यावर होता, आणि माथ्यावरचा सूर्य कलूं लागावयास फार वेळ लागत नाहीं.

गारिंचाला व्यवहार ठाऊक नव्हता. क्लबनें पुढें केलेल्या कोऱ्या करारपत्रावर तो सही करीत असे, अशी त्याची ख्याति आहे. जो पैसा हातीं येई तो सोबत्यांत, दारूंत आणि मागणारांच्या हातीं जाई. त्याचे वडील दारूच्या व्यसनी होते आणि तें व्यसन वारशानें त्याजकडे आलें. इकडे झिजलेला गुडघा प्रत्येक सामन्यानंतर सुजूं लागला. सुया टोंचून, वेदना दाबून त्याला मैदानांत उतरवीत. कारण त्याचें नांव जाहिरातींत असलें म्हणजे प्रेक्षक अधिक येत आणि परदेशच्या दौऱ्यांत क्लबला पैसाहि अधिक मिळे. १९६४ सालीं गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वींची चपलता परत आली नाहीं. १९६६ सालीं क्लबनें त्याला साओ पावलोच्या कोरिंथियन्स संघाला विकलें. त्याच वर्षीं इंग्लंडांतील विश्वचषकांत हंगेरीनें ब्राझीलचा पराभव केला. राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या पन्नास सामन्यांपैकीं गारिंचाच्या वांट्याला आलेला तो एकच पराभव, आणि तोच त्याचा शेवटचा सामना.

दरम्यान त्याचें घरहि मोडलें होतें. पत्नी आणि आठ मुली यांना सोडून तो एल्झा सोआरेस या प्रसिद्ध गायिकेबरोबर राहूं लागला. ज्या जनतेनें त्याला डोक्यावर घेतलें होतें, तिनें या गोष्टीचा सारा राग एल्झावर काढला. तिच्या घरावर दगडहि पडले. वास्तविक त्या पडत्या काळांत घर चालत होतें तें तिच्या गाण्यावर. मुलींच्या पोटगीचे तगादे लागले. १९६९ सालच्या एप्रिलमध्यें गारिंचा स्वतः हांकीत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एल्झाची आई मरण पावली. त्या धक्क्यांतून तो कधींच पुरता सांवरला नाहीं. पुढें कांहीं काळ दोघें इटलींत जाऊन राहिलीं. तेथून परतल्यावर १९७२ सालीं रिओच्या ओलारिया या लहानशा क्लबाकडून तो थोडेसे सामने खेळला. ज्या पायांच्या बळावर पोट भरावयाचें त्या पायांत आतां बळ उरलें नव्हतें, आणि दुसरी विद्या तर तो शिकलाच नव्हता.

अशा स्थितींत १९७३ सालचा तो सामना ठरला. लोकांनीं तिकिटें घेतलीं, आणि तीं केवळ खेळ पाहण्यासाठीं घेतलीं नाहींत. अनेकांना ठाऊक होतें कीं, आज पाहण्यासारखा खेळ दिसणार नाहीं. ते एक जुनें ऋण फेडावयास आले होते. सामना सुरू झाला. उजव्या कडेला गारिंचा उभा होता. चेंडू त्याच्याकडे आला कीं लक्षावधि कंठांतून एकच गर्जना उठे. त्यानें आपली ती जुनी हूल देऊन पाहिली. सुमारें अर्धा तास तो खेळला. मग, खेळाचा पूर्वार्ध चालू असतांच, तो बाहेर पडला आणि संथपणें त्यानें त्या प्रचंड मैदानाला प्रदक्षिणा घातली. लोक उभे राहिले. पुढें पेलेनें एक गोल केला आणि ब्राझीलनें दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. पण तो निकाल आज फारसा कोणाच्या लक्षांत नाहीं. लक्षांत राहिली ती प्रदक्षिणा.

त्या सामन्याचें उत्पन्न लहानसहान नव्हतें. ब्राझीलच्या चलनांत तें दहा लक्ष क्रुझेरोंच्या वर गेलें. लोकांनीं दिलेल्या या दानांत खोट काढण्याचें कारण नाहीं. मजुरानें आपल्या रोजांतून आणि विद्यार्थ्यानें आपल्या खाऊच्या पैशांतून तिकिट घेतलें असेल, तर त्याहून निर्मळ देणगी ती कोणती? परंतु देणगी निर्मळ असली म्हणजे ती पुरेशी असतेच असें नाहीं. ज्या माणसाला पैसा सांभाळतां येत नव्हता, त्याच्या हातीं एकदम मोठी रक्कम आली. ज्याला औषधोपचार हवा होता, त्याला टाळ्या मिळाल्या. ज्याला रोज सकाळीं उठून करावयास कांहीं तरी काम हवें होतें, त्याला एका दिवसाचा उत्सव मिळाला. पैसा आला तसा गेला. व्यसन राहिलें. दारूच्या भरांत त्यानें एल्झावर हात उगारला. १९७७ सालीं तीहि त्याला सोडून गेली. १९८० सालच्या कार्निव्हलमध्यें एका सांबा मंडळीच्या शोभारथावर त्याला बसविण्यांत आलें. त्या वेळची त्याची शून्य नजर आणि निश्चल मुद्रा पाहून लोकांना धक्काच बसला. सत्कार पुन्हां झाला; पण सत्कार घेणारा माणूस आंतून केव्हांच हरवला होता.

याच सुमारास इंग्लंडांत घडलेली एक गोष्ट या गोष्टीशेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. टॉमी लॉटन हा इंग्लंडचा एके काळचा अव्वल दर्जाचा आघाडीपटू. २३ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यानें २२ गोल केले होते. निवृत्तीनंतर त्याचे धंदे बुडाले, कर्ज वाढलें आणि न वटणारे धनादेश दिल्याबद्दल त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९७२ च्या नोव्हेंबरांत एव्हर्टन क्लबनें गुडिसन पार्कवर त्याच्या मदतीसाठीं सामना केला आणि जुने चाहते त्याला धांवून आले. तरीहि दोन वर्षांत तो पुन्हां न्यायालयांत उभा होता. एका सामन्याच्या उत्पन्नानें त्याची घडी बसली नाहीं. ती बसली पुढें, नॉटिंगहॅमच्या एका दैनिकानें फुटबॉलवर नियमित सदर लिहिण्याचें काम त्याला दिलें त्यानंतर. आपण जाणतों तें सांगण्याला अजून किंमत आहे, ही जाणीव आणि ठराविक दिवशीं हातीं येणारें मानधन, या दोन गोष्टींनीं जें साधलें तें मोठ्या रकमेनें साधलें नव्हतें. गारिंचाचा रोग अधिक खोल होता हें खरें. तेव्हां दोघांची बरोबरी करणें योग्य होणार नाहीं. पण मदतीचा कोणता प्रकार टिकतो आणि कोणता विरून जातो, हें यांतून स्पष्ट दिसतें.

२० जानेवारी १९८३ रोजीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, दारूनें जर्जर झालेला गारिंचा रिओच्या रुग्णालयांत मरण पावला. त्याचें शव माराकाना क्रीडांगणांत आणून ठेवलें. पुन्हां लोक लोटले. शवपेटिका अग्निशामक दलाच्या गाडीवरून पाऊ ग्रांदेकडे निघाली तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा माणसांच्या रांगा लागल्या होत्या. पुढें ब्रासिलिया या राजधानींतील भव्य क्रीडांगणाला त्याचें नांव देण्यांत आलें. इकडे २०१७ सालीं मात्र अशी बातमी आली कीं, गांवाकडील स्मशानभूमींत त्याच्या अस्थि नेमक्या कोणत्या जागीं आहेत, हें तेथील व्यवस्थापकांना खात्रीनें सांगतां येत नाहीं. दगडामातीच्या स्मारकाला जागा मिळाली, पण हाडांची नोंद कोणीं ठेवली नाहीं.

असें असलें तरी, या कथेंतून केवळ निराशाच पदरीं येते असें मात्र नाहीं. खेळाडूला मालमत्ता समजणारी ती परवान्याची पद्धति ब्राझिलांत १९९८ च्या कायद्यानें मोडीत निघाली. हा कायदा पेले क्रीडामंत्री असतां सिद्ध झाला आणि त्याच्याच नांवानें तो ओळखला जातो. त्याहूनहि प्रस्तुत विषयाशीं निकट संबंध असलेला कायदा झाला तो २०१२ सालीं. दोन वर्षांनीं भरावयाच्या विश्वचषकाची तयारी करीत असतां ब्राझीलच्या सरकारनें जुन्या विजेत्यांची आठवण ठेवली. १९५८, १९६२ आणि १९७० या तीन सालच्या विजयी संघांतील प्रत्येक खेळाडूला, मग तो प्रत्यक्ष खेळलेला असो वा राखीव असो, एक लक्ष रियाल देण्याचें ठरलें. आणि ज्यांच्यापाशीं उपजीविकेचें साधन नाहीं त्यांना दरमहा सहाय्य मिळावें अशीहि तरतूद झाली. खेळाडू हयात नसेल तर पारितोषिकाची रक्कम त्याच्या वारसांना मिळावयाची होती.

माराकानांतील तो सामना आणि हा कायदा, यांमध्यें एकोणचाळीस वर्षांचें अंतर आहे. पहिल्यांत एक लक्ष एकतीस हजार माणसांनीं आपल्या इच्छेनें दिलें, आणि जें दिलें तें एका दिवसापुरतें होतें. दुसऱ्यांत राष्ट्रानें स्वतःवर बंधन घालून घेतलें. त्याला टाळ्यांचा गजर लाभला नाहीं. पण तें दरमहा पोहोंचणारें होतें आणि त्यासाठीं कोणाला मैदानांत उभें राहून आपलें थकलेलें शरीर दाखवावें लागणार नव्हतें. पहिल्यावांचून दुसरें सुचलें असतें कीं काय, हें सांगणें कठीण आहे. लोकांच्या अंतःकरणांत कृतज्ञता नसती, तर कायदा करणारांना तें ऋण दिसलेंच नसतें.

सामन्यानंतरचीं नऊ वर्षें गारिंचानें जीं काढलीं, तीं अशा दरमहाच्या आधारानें कदाचित् वेगळीं गेलीं असतीं, कदाचित् नसतींहि. परंतु १९५८ आणि १९६२ या दोन्हीं विजयांचा तो धनी, कायदा झाला तेव्हां एकोणतीस वर्षांपूर्वींच मातींत मिळाला होता. ब्राझीलचें जें ऋण फेडावयाचें राहिलें होतें, तें त्याच्या वारसांच्या हातीं पडावयाचें होतें.